यश आणि चूक यांना एकच माप

जून जवळ आला की सोलापुरातील गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत कोणालाही उसंत नसते, कारण शाळा उघडण्याआधी ठिकठिकाणचा माल रवाना व्हावा लागतो. अशा एका छोट्या कारखान्याच्या मालकाने या हंगामात बारा शाळांच्या ऑर्डरी घेतल्या होत्या, असे समजू. अकरा शाळांचा माल वेळेत आणि बिनतक्रार पोहोचला. बाराव्या शाळेच्या मालात मात्र मापांची गल्लत झाली; लहान मापाचे सदरे कमी गेले, मोठ्या मापाचे जास्त गेले आणि गठ्ठे परत आले. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर या माणसाच्या मनात पहिले वाक्य येते ते असे: "मला धंदा जमत नाही." बायकोने अकरा शाळांची आठवण करून दिली, तर तो म्हणतो, "त्यात काय विशेष? तेवढे तर व्हायलाच हवे होते."

या दोन उत्तरांतील फरक नीट पाहण्यासारखा आहे. अपयशाचा पुरावा एकच होता आणि तो कोणतीही चौकशी न होता मान्य झाला. यशाचे पुरावे अकरा होते आणि ते सगळे फेटाळले गेले. माणसाची बुद्धी कमी पडते म्हणून असे घडत नाही. हाच मालक कापडाच्या व्यापाऱ्याचे बिल ओळ न् ओळ तपासून घेतो, मीटरमागचा दर बोलून कमी करतो, पण स्वतःबद्दलच्या निकालावर न वाचताच सही करतो. मानसशास्त्रात अशा सवयींना विचारदोष म्हणतात. त्यांवरचा उपाय म्हणून अनेकदा 'सकारात्मक विचार करा' असा सल्ला दिला जातो. मला तो अपुरा वाटतो, कारण त्याने फक्त पारडे दुसऱ्या बाजूला झुकते. यशाला आणि चुकीला पुराव्याचे एकच माप लावणे हे खरे काम आहे, आणि ते शिकता येते.

अशा विचारांची पद्धतशीर नोंद घेण्याचे श्रेय मुख्यतः ॲरन बेक (१९२१–२०२१) या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांना जाते. फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम करणारे बेक मूळचे मनोविश्लेषणाच्या, म्हणजे फ्रॉइड यांच्या परंपरेतले होते. नैराश्य म्हणजे आत वळलेला राग, हे त्या परंपरेचे मत त्यांना पुराव्यानिशी सिद्ध करायचे होते. रुग्णांच्या स्वप्नांत मात्र त्यांना रागाऐवजी पराभव आणि काहीतरी गमावल्याची भावना वारंवार आढळली. पुढे रुग्णांशी बोलताना त्यांच्या लक्षात आले की, रुग्ण जे बोलत असतात त्याच्या जोडीने त्यांच्या मनात आणखी एक विचारधारा चालू असते. ते विचार झटकन येतात, न बोलावता येतात आणि आल्याबरोबर खरेच वाटतात. बेक यांनी त्यांना स्वयंचलित विचार असे नाव दिले आणि १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांतील चुकांचे प्रकार मांडले: पुरावा नसताना निष्कर्ष काढणे, एकच तपशील उचलून बाकीचे सोडून देणे, एका प्रसंगावरून कायमचा नियम बनवणे, चूक मोठी आणि यश लहान करून पाहणे. त्याआधी काही वर्षे, १९५५ च्या सुमारास, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनीही जवळजवळ याच दिशेने आपली उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली होती. ती मराठी वाचकांना विवेकनिष्ठ वर्तनोपचार या नावाने परिचित आहे. दोघांच्या मांडणीचा गाभा एकच आहे: घटना आणि तिच्यामुळे होणारे दुःख यांच्या मध्ये त्या घटनेचा आपण लावलेला अर्थ असतो, आणि तो अर्थ तपासता येतो.

असे विचार येणे म्हणजे आजार नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. थकलेल्या अवस्थेत, रात्री उशिरा, चारचौघांत अपमान झाल्यावर ते कोणाच्याही मनात येतात आणि बहुतेकांच्या बाबतीत सकाळपर्यंत विरतात. ते रोजचेच होऊन बसले आणि त्यांच्यावरून माणूस निर्णय घेऊ लागला, म्हणजे ऑर्डर नाकारू लागला, परीक्षेचा अर्ज भरेना, फोन उचलेना, की नुकसान सुरू होते.

आपण एखाद्या चुकीचे कारण कसे सांगतो, यावर त्या चुकीचा किती त्रास होईल हे बऱ्याच अंशी ठरते. लिन अब्रामसन, मार्टिन सेलिग्मन आणि जॉन टीस्डेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये यासाठी तीन प्रश्न पुढे ठेवले. कारण माझ्यात आहे की बाहेर? ते कायमचे आहे की या वेळेपुरते? ते आयुष्यात सगळीकडे लागू आहे की एवढ्याच कामापुरते? आपल्या कारखानदाराचे वाक्य या तीन प्रश्नांवर लावून पाहावे. "मला धंदा जमत नाही" यात कारण पूर्णपणे त्याच्यातच आहे, ते कायमचे आहे आणि ते सगळ्या धंद्याला व्यापून उरते. एवढ्या मोठ्या वाक्यावर काहीच करता येत नाही, म्हणून तर ते इतके जड वाटते. "या ऑर्डरीत मापांची यादी मी फोनवर ऐकून लिहून घेतली आणि शाळेकडून लेखी मागवली नाही" हे वाक्यही चूक कबूलच करते, किंबहुना पहिल्यापेक्षा अधिक स्पष्टपणे कबूल करते, पण त्यावर उद्या सकाळी दहा वाजता काहीतरी करता येते. नैराश्याकडे झुकलेले मन यशाच्या बाबतीत हेच तीन प्रश्न नेमके उलटे सोडवते: माल वेळेत गेला तो नशिबाने, यंदाच गेला आणि एवढ्याच शाळांचा गेला.

यासाठी बोधात्मक वर्तनोपचारात, म्हणजे बेक यांच्या कामातून वाढलेल्या उपचारपद्धतीत, वापरली जाणारी एक साधी रीत आहे, आणि माझ्या मते ती प्रत्येकाला यावी इतकी उपयोगी आहे. घडलेल्या चुकीची सगळी कारणे कागदावर लिहायची, प्रत्येकाला शंभरपैकी किती वाटा द्यायचा ते ठरवायचे, आणि स्वतःचा वाटा सर्वांत शेवटी काढायचा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण स्वतःपासून सुरुवात केली की ऐंशी-नव्वद टक्के तिथेच संपतात आणि बाकीच्यांच्या वाट्याला काही उरत नाही. आपल्या मालकाने ही आकडेमोड केली तर काय दिसेल? शाळेने पटसंख्या उशिरा कळवली आणि नंतर एकदा बदलली, त्याचे पंचवीस. कापड चार दिवस उशिरा आल्यामुळे कटिंग घाईत झाले, त्याचे पंधरा. कटिंग मास्टरने मागच्या वर्षीचा मापांचा तक्ता समोर ठेवून काम केले, त्याचे वीस. गठ्ठे बांधताना मापनिहाय मोजणी झाली नाही, त्याचे दहा. उरले तीस, आणि ते मालकाचे: लेखी यादी न मागवणे आणि शेवटची तपासणी दुसऱ्यावर सोपवणे. हे आकडे अचूक नसतात आणि तसे असण्याची गरजही नाही. शंभराचे तीस झाले की माणूस आपली जबाबदारी टाळत नाही, उलट ती पहिल्यांदाच त्याला उचलता येईल एवढी होते. तीस टक्क्यांची चूक दुरुस्त करण्यासाठी लेखी यादीचा एक नियम पुरतो. शंभर टक्क्यांच्या चुकीवर कारखाना बंद करण्याखेरीज दुसरा उपाय सुचत नाही. हाच कागद यशासाठीही वापरावा, ही गोष्ट सहसा सुटते. अकरा शाळांचा माल वेळेत जाण्यामागे कामगारांचा, दुकानदारांचा, वीज न जाण्याचा वाटा होता तसा मालकाने एप्रिलमध्येच कापड नोंदवून ठेवण्याचाही होता, आणि तोही आकड्यात लिहिला गेला पाहिजे.

यशाकडे पाहण्याची विकृत रीत अधिक फसवी असते, कारण ती नम्रतेसारखी दिसते. सोलापूरच्या पूर्व भागात आईने विड्या वळून आणि वडिलांनी यंत्रमागावर पाळ्या करून शिकवलेली एखादी मुलगी अभियांत्रिकीची पदवी घेते आणि पुण्यातल्या कंपनीत लागते, असे समजू. घरात मागच्या पिढीत कोणी कार्यालयात नोकरी केलेली नाही. पहिल्या महिन्यापासून तिला वाटत राहते की, मुलाखतीत सोपे प्रश्न आले म्हणून निवड झाली, इंग्रजी सफाईदार नसल्याचे अजून कोणाच्या लक्षात आलेले नाही, आणि एक दिवस आपले पितळ उघडे पडणार. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये नेमक्या याच अनुभवाचे वर्णन केले. त्यांनी दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांबरोबर काम केले होते. पदव्या, पुरस्कार, सहकाऱ्यांची मान्यता हे सगळे असूनही या स्त्रिया आपले यश नशिबाच्या किंवा निवड करणाऱ्यांच्या चुकीच्या खात्यावर मांडत होत्या. पुढे पुरुषांतही हा अनुभव आढळला. यातली अडचण अशी की, नवे यश मिळूनही भीती कमी होत नाही. दिवसरात्र एक करून काम पार पडले, तर "एवढे राबावे लागले म्हणजे मी हुशार नाही" हा निष्कर्ष निघतो, आणि सहज पार पडले, तर "काम सोपे होते" हा. कोणताही पुरावा ज्या मताला बदलू शकत नाही, ते मत पुराव्यावर उभे नसतेच, हे एकदा तरी शांतपणे स्वतःला सांगावे.

आपल्याकडे यात आणखी एक धागा मिसळतो. कोणी कौतुक केले की "तुमचे आशीर्वाद", "सिद्धरामेश्वरांची कृपा" असे म्हणण्याची आपली रीत आहे, आणि यशाचा फार गाजावाजा केला तर दृष्ट लागते असे घरातली मोठी माणसे सांगतात. ही रीत सोडावी असे मी म्हणणार नाही; तिच्यात इतरांचे ऋण मान्य करण्याचा समंजसपणा आहे. बोलताना श्रेय वाटून देणे आणि मनातल्या हिशेबातून आपला वाटा पुसून टाकणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चारचौघांत "देवाची कृपा" म्हणणाऱ्या मुलीने घरी आल्यावर, या यशासाठी आपण नेमके काय केले, हे तीन ओळींत लिहून ठेवले तर नम्रतेला काहीही बाधा येत नाही.

"चार लोक काय म्हणतील" या भीतीबद्दलही एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना, घालायला लाज वाटेल असे एका गायकाचे चित्र असलेला टी-शर्ट घालून भरलेल्या खोलीत जायला सांगितले. खोलीतल्या जवळपास निम्म्या लोकांनी ते चित्र पाहिले असेल, असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे एक चतुर्थांश लोकांच्याच ते लक्षात आले. हे संशोधन २००० साली प्रसिद्ध झाले. आपली चूक आपल्याला जेवढी ठळक दिसते तेवढी ती इतरांना दिसत नाही, कारण इतर माणसे बहुतांशी आपापल्या काळज्यांत गुंतलेली असतात.

उलट टोकाची माणसेही असतात, आणि त्यांचा उल्लेख न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. काम फत्ते झाले तर माझी हुशारी, फसले तर कामगार, पाऊस, सरकार किंवा भाऊबंद जबाबदार, अशी त्यांची वाटणी असते. याला स्वहितकारी पक्षपात म्हणतात आणि थोड्या प्रमाणात तो बहुतेकांत असतो. असा माणूस रात्री नीट झोपतो, पण पुढच्या हंगामात तीच चूक पुन्हा करतो. शंभर वाट्यांची जी रीत वर सांगितली ती त्याच्याही कामाची आहे. त्याने फक्त स्वतःपासून सुरुवात करावी.

झालेल्या चुकीवर मागाहून विचार करताना आणखी एक मोठी फसगत होते. सांगोल्याच्या एका डाळिंब बागायतदाराने, पावसाचा अंदाज आणि तेल्या रोगाची धास्ती लक्षात घेऊन, बाग आहे त्या दराने व्यापाऱ्याला देऊन टाकली, असे समजा. पुढच्या पंधरा दिवसांत पाऊस आलाच नाही आणि दर चढला. आता तो म्हणतो, "मला कळायलाच हवे होते." पण कळण्यासाठी लागणारी माहिती त्या दिवशी त्याच्याजवळ नव्हती, ती नंतर आली, आणि आल्यानंतर ती पहिल्यापासूनच होती असे मनाला वाटू लागले. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये हा पश्चात्‌दृष्टीचा भ्रम अभ्यासला. त्यांच्या एका अभ्यासात, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ मधील चीन आणि सोव्हिएत संघ भेटींपूर्वी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या घटनांची शक्यता किती वाटते ते विचारले होते. भेटी झाल्यानंतर, तेव्हा आपण काय सांगितले होते ते आठवायला सांगितले. जे घडले त्याचा अंदाज आपण मुळात सांगितला त्यापेक्षा अधिक खात्रीने सांगितला होता, असे त्यांना आठवत होते. म्हणून निर्णय चांगला होता की वाईट, हे निकालावरून नव्हे तर त्या दिवशीच्या माहितीवरून ठरवले पाहिजे. माझ्या मते बागायतदाराचा तो निर्णय शहाणपणाचा होता आणि त्यात त्याचे पैसे गेले, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. यावर खात्रीचा उपाय एकच आहे: मोठा निर्णय घेताना तारीख, त्या वेळची माहिती आणि आपले कारण दोन-चार ओळींत लिहून ठेवणे. स्मरणशक्ती बदलते, पण तारीख घालून लिहिलेली ओळ तशीच राहते.

अनेक जण येथे एक गंभीर आक्षेप घेतात. स्वतःला बोल लावल्याशिवाय सुधारणा होत नाही, असा त्यांचा अनुभव असतो. याचे उत्तर मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान यांच्या एका प्रसिद्ध निरीक्षणात सापडते. इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांपुढे बोलताना त्यांनी, कौतुकाने माणूस लवकर शिकतो, असे सांगितले, तेव्हा एका अनुभवी प्रशिक्षकाने ते खोडून काढले. उत्तम कसरत केलेल्याचे कौतुक केले की पुढच्या वेळी तो बिघडतो आणि वाईट केलेल्यावर ओरडले की तो सुधारतो, असे त्याचे म्हणणे होते. कानेमान यांच्या ध्यानात आले की, त्याने पाहिलेले खरे होते, फक्त त्याचे कारण चुकीचे होते. कोणत्याही कौशल्यात थोडा भाग योगायोगाचा असतो, त्यामुळे अतिशय उत्तम प्रयत्नानंतरचा प्रयत्न बहुधा थोडा उतरतो आणि अतिशय वाईट प्रयत्नानंतरचा बहुधा थोडा सुधारतो. कोणी ओरडो वा न ओरडो. हे दाखवण्यासाठी त्यांनी प्रशिक्षकांना पाठमोरे राहून लक्ष्याकडे दोन नाणी फेकायला लावले. पहिल्या फेकीत जवळ गेलेले बहुतेक दुसऱ्यात लांब गेले आणि लांब गेलेले जवळ आले, आणि मध्ये कोणीही कोणाला रागावले नव्हते.

हे आपल्या घरांना फार लागू आहे. चाचणी परीक्षेत गुण घसरले की मुलाला बोलणी बसतात, पुढच्या चाचणीत गुण थोडे वाढतात, आणि बोलणी कामी आली असे सर्वांना वाटते. मुलगा मोठा होतो तेव्हा तेच बोलणे तो स्वतःच स्वतःला ऐकवू लागतो. "कौतुक केले की डोक्यावर चढतात" ही आपली समजूत कितपत या गैरसमजावर पोसली गेली आहे, याचा पालकांनी आणि शिक्षकांनी मनापासून विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कौतुक मोघम नसावे एवढे पथ्य मात्र पाळावे. "तू फार हुशार आहेस" यापेक्षा "या वेळी तू उदाहरणे न पाहता सोडवलीस" हे वाक्य मुलाला पुढे काय करायचे ते सांगते.

रोजच्या सरावासाठी एक वही पुरते. त्रास देणारा विचार मनात आला त्याच शब्दांत लिहावा, त्याखाली त्याच्या बाजूचा पुरावा आणि विरुद्धचा पुरावा लिहावा, आणि हेच जवळच्या मित्राच्या बाबतीत घडले असते तर त्याला काय सांगितले असते ते लिहावे. शेवटी दोन्ही बाजू धरून एक नवे वाक्य तयार करावे. ते गोड असण्याची गरज नाही, खरे असले म्हणजे पुरे. "सगळे छान होईल" असे लिहिले तर मन त्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि बरोबरच करील. सुरुवातीला हे कृत्रिम वाटते आणि जुना विचार पुन्हा पुन्हा येतो; तो येणे थांबावे ही अपेक्षा ठेवू नये, आल्यावर त्याच्याकडे एक दावा म्हणून पाहता आले की पुष्कळ झाले.

या सगळ्याला मर्यादा आहेत. यंत्रमाग बंद पडला, मजुरी बुडाली, कर्जाचा हप्ता थकला, तर होणारी चिंता हा विचारदोष नव्हे. तेथे वहीपेक्षा काम, पैसा आणि माणसांची साथ लागते, आणि पीडिताला "विचार बदला" असे सांगणे हा अन्याय आहे. आपल्या हातून कोणाचे खरेच नुकसान झाले असेल, तर येणारी अपराधी भावना योग्यच आहे, आणि तिचे उत्तर माफी मागून भरपाई करण्यात आहे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर एकट्याने प्रयत्न करत बसू नये. भारत सरकारची टेली मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. सोलापुरात ज्याला आपण सगळे 'सिव्हिल' म्हणतो, त्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तेथे जाताना वही लिहिली असल्यास सोबत न्यावी, कारण कोणत्या प्रसंगी कोणता विचार आला याच्या तारखेसह केलेल्या नोंदींवरून डॉक्टरांना आणि समुपदेशकांना कामाला सुरुवात करणे सोपे जाते.